मैदानाचं वर्ष

कसबा पेठेत चारशे मीटरची धावपट्टी आखता येईल एवढी मोकळी जागा कुठेच नाही. पुण्याची ही सगळ्यांत जुनी वस्ती. तांबट आळी, फणी आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. माणसं जिथे काम करायची तिथेच राहायची, आणि मोकळं म्हणून जे उरलं ते नदीचं पात्र. तरीही दर वर्षी पावसाळा सुरू झाला की या पेठेतली काही मुलंमुली अंधारातच उठतात, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन जिना उतरतात आणि पळायला जातात. कुणी सारसबागेजवळच्या सणस मैदानावर, कुणी नदीपात्रातल्या रस्त्यावर, कुणी नदी ओलांडून मनपाच्या थांब्यावर बस धरून थेट विद्यापीठात. त्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, जानेवारीतही नाही. कॉलेजच्या जिमखान्याच्या फळ्यावर निवड चाचणीची तारीख लागते, त्या दिवशी ते सुरू होतं.

मी याच पेठेत राहतो, आणि या वर्षाकडे मी मोठ्या प्रेमानं पाहत आलो आहे. त्याचे ऋतू मला पाठ आहेत. पहिला ऋतू चिखलाचा आणि कागदांचा. पात्रता अर्ज, फोटो, गुणपत्रिकेच्या प्रती, प्राचार्यांची सही. मैदानावर पाणी साचलेलं असतं, म्हणून व्यायाम पायऱ्यांवर आणि व्हरांड्यात. त्याच दिवसांत कॉलेजच्या दुसऱ्या टोकाला पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी रंगात आलेल्या असतात. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा पुण्याच्या कॉलेजांचा जीव की प्राण. भरत नाट्य मंदिरात जागा मिळत नाही, निकालाच्या वेळी ‘अरे आवाज कुणाचा’ ही आरोळी रस्त्यापर्यंत पोचते. मग गणपती येतात. मानाचा पहिला गणपती आमच्या पेठेचा, त्यामुळे धावणाऱ्या मुलांची इथे फार ओढाताण होते. संध्याकाळी पथकाचा सराव, कमरेला ढोल, आणि पहाटे पुन्हा धावायचं. आमच्या आळीतली एक मुलगी एका वर्षी ढोल सोडून मैदानावर गेली. विसर्जनाच्या दिवशी ती गर्दीत उभी राहून पथक बघत होती. तिचे हात ठेका धरत होते. तो त्याग किती मोठा, हे कसब्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

दसरा-दिवाळीच्या आगेमागे खऱ्या स्पर्धा सुरू होतात. आपल्या विद्यापीठाचा पसारा पुणे, नगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा. खेळासाठी त्याचे चार विभाग: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आधी कॉलेजा-कॉलेजांत, मग विभागा-विभागांत, आणि त्यातून निवडलेला विद्यापीठाचा संघ. मला सगळ्यांत भावते ती आंतरविभागीय मैदानी स्पर्धा. पेठेतल्या मुलीच्या शेजारच्या लेनमध्ये सुरगाण्याच्या किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरातली मुलगी उभी असते. एकीनं जिने चढून पाय कमावलेले, दुसरीनं घाट चढून. लेनची रुंदी १.२२ मीटर. कसब्यातले काही बोळ याहून फार रुंद नाहीत, पण इथे पुढे काही अडत नाही. चारशे मीटरच्या शर्यतीत वळणाचा फरक भरून काढायला आठव्या लेनची मुलगी पहिलीच्या तब्बल ५३ मीटर पुढे उभी करतात. तिला पळताना कुणीच दिसत नाही. मागून येणारी पावलं तेवढी ऐकू येतात, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात आल्यावरच तिला कळतं की आपण कुठे आहोत.

अशा आडगावच्या पावलांशी पुण्याचं नातं जुनं आहे. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा आले होते. पायात काही नसलेली, रीतसर शिक्षण न मिळालेली शेतकऱ्यांची पोरं त्यांनी धावताना पाहिली आणि ही पोरं जगात नेली पाहिजेत हे त्यांच्या मनानं घेतलं. पुढच्याच वर्षी, १९२० साली, अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. संघ पाठवण्यासाठी टाटांना मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत झाली. हे लॉइड म्हणजे आमच्या नव्या पुलाचे लॉइड. १९२३ साली खुला झालेला तो पूल आता छत्रपती शिवाजी पूल म्हणून ओळखला जातो आणि कसब्यातून शिवाजीनगरकडे, पुढे विद्यापीठाकडे जाणारी पोरं रोज त्यावरूनच जातात. विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालं आणि त्याला घर मिळालं तेही गणेशखिंडीतलं गव्हर्नरांचंच. साहेबाच्या त्या हिरवळीच्या आवारात आज खाशाबा जाधवांच्या नावाचं क्रीडा संकुल उभं आहे. गोळेश्वरच्या पैलवानाचं नाव तिथे असावं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

धावण्याचा सराव दिसायला कंटाळवाणा. तेच अंतर, तीच वेळ, पुन्हा पुन्हा. पण तांबट आळीत वाढलेल्या माणसाला तो कंटाळवाणा वाटत नाही. मठारकाम करणारा कारागीर हंड्यावर एकाच लयीत घाव घालत जातो, एका घावाशेजारी दुसरा, आणि त्या घावांनी तांबं कडक होतं, त्याला ताकद येते. मात्र न थांबता ठोकत राहिलं तर तेच तांबं तडकतं. म्हणून मधेच ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. चांगल्या प्रशिक्षकाला हेच कळलेलं असतं. आज जोर, उद्या विसावा. किती तरी गुणी मुलं स्पर्धेच्या हव्यासानं विसावा चुकवतात, नडगी दुखावून घेतात आणि ऐन हंगामात बाकावर बसतात. त्यांच्याकडे पाहवत नाही.

मुलींविषयी थोडं अधिक बोललं पाहिजे. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या. धावून झाल्यावर त्या दमल्या, म्हणून ती शर्यत बायकांसाठी बंदच झाली. पुन्हा आली ती १९६० साली. दहा हजार मीटर त्यांना ऑलिंपिकमध्ये धावू द्यायला तर १९८८ साल उजाडलं. आता शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली त्या भिडे वाड्याची जागा आमच्या पेठेपासून चालत काही मिनिटांवर. २०१४ पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. आणि २०१७ साली तैपेईला झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत नाशिकच्या संजीवनी जाधवनं रौप्यपदक मिळवलं ते दहा हजार मीटरमध्येच. पंचवीस फेऱ्या! ज्या बाईवर मुलींना शिकवायला जाताना शेण फेकलं गेलं, तिच्या नावाचं विद्यापीठ छातीवर घेऊन आज मुली धावतात, उड्या मारतात, गोळा फेकतात. मला याहून मोठं स्मारक सुचत नाही.

हिवाळ्यात विद्यापीठाचा संघ अश्वमेधला जातो, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या आपसातल्या स्पर्धेला. काही जण अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत पोचतात. ज्यांना विद्यापीठाचा ब्लेझर मिळतो, त्यांचा तो ब्लेझर घरात कपाटाच्या दारावर टांगलेला राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पण बहुतेकांचं वर्ष दिवाळीच्या सुमारासच संपतं. दुसऱ्या फेरीत बाद, अर्ध्या सेकंदानं हुकलेलं. मग बुडालेल्या तासांच्या वह्या उतरवून घेणं, प्रात्यक्षिकं, परीक्षा. काहींची ती शेवटचीच शर्यत असते, कारण पुढे नोकरी येते आणि पहाट ऑफिसची होते. विद्यापीठाच्या खेळाकडे पदकांच्या तक्त्यावरून पाहणं मला पटत नाही, ते या मुलांमुळे. मैदान नसलेल्या पेठेतल्या मुलाला आयुष्यात दोन-तीन वर्षं मोकळी जमीन, फक्कीनं आखलेली रेषा आणि वेळ मोजणारा एक माणूस मिळाला, ही विद्यापीठानं त्याला दिलेली पदवीइतकीच खरी गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र सलते. पुरुषोत्तमला दाराशी गर्दी, मिरवणुकीला लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि आंतरविभागीय स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षागाराच्या पायऱ्या रिकाम्या. पंच असतात, प्रशिक्षक असतात, आपली शर्यत झालेली मुलं ट्रॅकसूट पांघरून बसलेली असतात. आईवडीलसुद्धा क्वचित. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये पाण्याच्या खड्ड्यात सातव्यांदा उडी घेणाऱ्या पोराला टाळी वाजवायला कुणी नसावं, हे पुण्यासारख्या हौशी शहराला शोभत नाही. आपल्याकडे दाद द्यायची रीत आहे, गाण्याला आहे, नाटकाला आहे. ती थोडी इकडेही वळवू या.

यंदा या स्पर्धांची तारीख एखाद्या कॉलेजच्या क्रीडा विभागाकडून विचारून घ्या. सकाळी लवकर जा, घरातल्या मुलींना नक्की बरोबर न्या. आणि शेवटचा धावपटू रेषा ओलांडेपर्यंत जागेवरून उठू नका.