गावठाणातील पाच खणी घर

चाकणच्या गावठाणात, संग्रामदुर्गाच्या उरल्यासुरल्या तटापासून फारशा दूर नसलेल्या एका गल्लीत, पाच खणांचे एक जुने कौलारू घर विकाऊ आहे असे माझ्या भाच्याला कळले आणि ते घ्यावे की न घ्यावे याचा निवाडा त्याने माझ्यावर सोपविला. भाचा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, हिशेबाचा पक्का आहे, आणि येताना एक कागद तयार करूनच आला होता. त्यावर जागेचे क्षेत्रफळ मांडून त्याला सरकारी मूल्यदर तक्त्यातील दराने गुणिले होते. बांधकामाच्या रकान्यात घसारा वजा जाता उरलेली क्षुल्लक रक्कम होती. आणि त्याखाली, इमारत पाडून राडारोडा उचलण्याचा खर्च म्हणून, तीही रक्कम वजा केलेली होती. म्हणजे घर हे त्याच्या लेखी जमिनीवरील एक ओझे होते.

हा तक्ता खोटा आहे असे मी म्हणत नाही. मुद्रांक शुल्क किती आकारावे हे ठरविण्यासाठी सरकारला काहीतरी एकसारखे माप हवेच, आणि प्रत्येक घराच्या तुळया ठोकून पाहणे दुय्यम निबंधकाच्या कचेरीला शक्य नाही. परंतु महसुलाच्या सोयीसाठी केलेले माप मनुष्याने आपल्या वास्तव्याच्या निर्णयाला लावले की त्या मापाला जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, अशी समजूत होऊन बसते.

चाकणमध्ये ही समजूत रुजण्यास सबळ कारणे आहेत. पुणे-नाशिकचा रस्ता आणि तळेगाव-शिक्रापूरचा रस्ता जेथे एकमेकांना छेदतात तेथले हे गाव. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने येथला भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या काळात गावाची ओळख कांद्याच्या बाजाराची. गेल्या शतकाच्या अखेरीस मोठे कारखाने आले, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि पाहता पाहता नाणेकरवाडी, खराबवाडी, मेदनकरवाडी या वाड्यांतून कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. खोलीमागे भाडे आणि भाड्यावरून जमिनीचा भाव, असे गणित एकदा अंगवळणी पडल्यावर गावठाणातील कौलारू घराकडे पाहणारा प्रत्येक गिऱ्हाईक मनातल्या मनात ते पाडूनच पाहतो.

मी मात्र ते उभे असलेलेच पाहावयाचे ठरविले, आणि तेही भर आषाढात, कारण जुन्या घराची खरी साक्ष पावसातच मिळते.

अशा घराची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. छपराचा भार भिंतींवर नसतो. तो सागवानी खांबांवर असतो आणि प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा असतो. पांढऱ्या मातीची भिंत खांबांमधील मोकळी जागा भरते, थंडावा देते, परंतु ती खचली म्हणून घर बसत नाही. तेव्हा परीक्षा करावयाची ती खांबांच्या पायथ्याची आणि तुळयांच्या टोकांची, जेथे लाकूड भिंतीत शिरते आणि ओल धरते. आडव्या लाकडांवर बोटाचे पेर वाजवीत गेलो तर आवाज सर्वत्र भरीव येत होता. आरीचे टोकही फारसे आत जात नव्हते. माजघरातील एका खांबाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. त्याचा खालचा हातभर भाग निराळ्या, किंचित फिकट लाकडाचा होता. केव्हातरी तो भाग कुजला असला पाहिजे. कोणा सुताराने तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापून काढला, नव्या लाकडाचा तिरपा सांधा जुन्यात बसविला, दोन खुंट्या ठोकल्या आणि खांब पुन्हा तळखड्यावर ठेवला. त्या सांध्यात आजही नख शिरत नाही.

माझे म्हणणे एवढ्याच एका गोष्टीत आहे. घसाऱ्याचा तक्ता घराचे वय त्याच्या बांधणीच्या सालापासून मोजतो. पण ज्या घराचा प्रत्येक अवयव सुटा काढून बदलता येतो त्याचे वय त्याच्या शेवटच्या दुरुस्तीपासून मोजणे न्याय्य आहे. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत लोखंडी सळई आतल्या आत गंजत असते. गंज फुगून वरचे आवरण फुटेपर्यंत राहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि लागल्यावर एकट्याने करण्यासारखे फार थोडे उरते, कारण खांब सर्व मजल्यांचा सामाईक असतो. कौलारू घराचा दोष उघड्यावर असतो. फुटलेले कौल त्याच दिवशी ठिबकून सांगते, आणि शिडी व पाचपन्नास मंगलोरी कौले जवळ असली की तक्रार मिटते.

या घराचा खरा दोष त्याच्या बाहेर आहे. गल्लीचा रस्ता वर्षानुवर्षे जुन्या थरावर नवा थर देऊन केला गेला. त्यामुळे ज्या ओट्यावर पूर्वी पायऱ्या चढून जावे लागे तो आज रस्त्याच्या जवळजवळ बरोबरीला आला आहे. पावसाचे पाणी उंबऱ्याशी येऊन थांबते, दर्शनी भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली आहे, पोपडे सुटले आहेत, आणि पडवीत एक कोंदट वास भरून राहिला आहे. हा दोष घराने केलेला नाही, पण भोगावयाचा आहे घरात राहणाऱ्याने. म्हणून त्याची वजावट किमतीतून झालीच पाहिजे, आणि नव्या फरशीचा विचार करण्यापूर्वी ओट्यालगत बंदिस्त गटार काढले पाहिजे.

कागदपत्रांची स्थिती बरी, परंतु अपुरी. विकणाऱ्याजवळ आकारणीचा उतारा आहे; मात्र तो कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेच सांगतो, मालकी शाबीत करीत नाही. घर वडिलार्जित आहे आणि विकणाऱ्याला दोन बहिणी आहेत. वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलींना सहदायाद म्हणून मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तेव्हा बहिणींच्या सह्या हा शिष्टाचाराचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

हे चालले असता शेजारच्या घरातील वृद्ध आक्का ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. भाच्याने अदबीने नमस्कार केला. त्यांनी विचारले, "घर ठेवणार का पाडणार, बाबा?" तो घुटमळला. तेव्हा त्या त्याला आपल्या माजघरात घेऊन गेल्या आणि सामाईक भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या नि माझ्या घराच्या तुळया ह्या एकाच रांगेवर टेकल्यात. तुमची बाजू काढली तर माझं छप्पर कशावर राहील?" मी वर पाहिले. त्यांच्या म्हणण्यात तिळमात्र अतिशयोक्ती नव्हती. भाच्याच्या कागदावर पाडण्याच्या खर्चाचा जो आकडा होता त्यात शेजारचे छप्पर धरलेले नव्हते, आणि जेथे दोन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एका खांबरांगेच्या आधारे नांदली तेथे ते न धरता किंमत ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

माझा सल्ला मी त्याला लेखी दिला. घर घ्यावे, राहण्यासाठी घ्यावे. जागेची किंमत चालू भावाने द्यावी, ओलीच्या बंदोबस्ताचा खर्च तीतून कापून घ्यावा, आणि लाकूडकामाचे मोल शून्य न धरता सुताराकडून अंदाज करवून ते विकणाऱ्याच्या पदरात घालावे. विसाराच्या कागदात दोन अटी असाव्यात: दोन्ही बहिणींची हक्कसोडपत्रे नोंदवून हाती येईपर्यंत उरलेली रक्कम द्यावयाची नाही, आणि सामाईक खांबरांगेला कोणत्याही बाजूने धक्का लावावयाचा नाही असा करार आक्कांशी खरेदीखताबरोबरच नोंदवावयाचा.