हरवलेले शून्य

विजेशी माझी ओळख बिल भरण्यापुरती. फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधू लागतो. अशा माणसाच्या घरी इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलगी जन्मावी, हा आमच्या चिंचवडच्या हवेचाच गुण असावा. १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स निघाली. आता कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने पसरले आहेत. इथल्या मुलांना कवितेपेक्षा यंत्र जवळचे वाटले, तर मराठीच्या प्राध्यापकाने रुसू नये!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी कन्येला कॉलेजात आपला प्रकल्प दाखवायचा होता. घरातली वीज ट्रान्सफॉर्मरने उतरवायची आणि चार डायोडांमधून नेऊन एकाच दिशेने वाहती करायची. तीही संगणकाच्या पडद्यावर, तारेला हात न लावता. १९७३ साली बर्कली विद्यापीठात लॉरेन्स नेगेल यांनी ‘स्पाइस’ नावाची प्रणाली सिद्ध केली. तेव्हापासून सर्किट आधी असे गणिताने चालवून पाहण्याची वाट रुळली. काल पडद्यावर आलेखाच्या लाटा छान उमटत होत्या. आज पडदा कोरा.

“बाबा, मला हे जमणारच नाही. सोडून देते मी इंजिनिअरिंग!”

“शेजारच्या मुलाला बोलावू का? त्याचं कधी अडत नाही,” मी बोलून गेलो. तिचे डोळे भरून आले. चूक सावरायला म्हणालो, “बरं, मला अडाण्याला समजावून सांग बघू.”

ती सांगू लागली. आपल्या विजेची एक लाट पुरी व्हायला २० मिलिसेकंद लागतात. आलेखाला एकच मिलिसेकंद दिला, तर लाटेऐवजी तिरपी रेघ दिसते. वेळ तपासली; बरोबर होती. मोजणीची खूण योग्य तारेवर आहे का? तीही होती.

“कालपासून बदललं काय?” मुद्रिते तपासण्याच्या सवयीने मी विचारले.

“काही नाही. आकृती जरा नीटनेटकी केली. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे एक चिन्ह उगाच लोंबत होतं, ते पुसलं...” आणि ती थबकली.

ते चिन्ह ‘ग्राउंड’चे, म्हणजे शून्याचे होते. व्होल्ट हा नेहमी दोन बिंदूंमधला फरक असतो; एका बिंदूला शून्य मानल्याखेरीज दुसऱ्याची उंची सांगता येत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचे शून्य पलीकडे उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही बाजूंना जोडणारी तार नसते. पलीकडचे शून्य गेले, की गणिताला एकाऐवजी अगणित उत्तरे सुटतात आणि बिचारा संगणक हात टेकतो.

तिने चिन्ह पुन्हा जोडले. पडद्यावर लाटा उमटल्या आणि तिच्या चेहऱ्यावर हसू.

ती झोपायला गेली, पण मला झोप येईना. इतकी वर्षे मी पोरीची उंची शेजारच्या मुलाच्या शून्यावरून मोजत आलो होतो. तिचे शून्य तिच्यापाशीच होते. कोरा पडला होता तो माझा पडदा!