किर्र रान

दाट रानाला आपण ‘किर्र रान’ म्हणतो, गडद रात्रीला ‘किर्र रात्र’. हा शब्द रातकिड्यांच्या आवाजातून आला. म्हणजे माणूस नसलेली जागा सांगताना मराठीला एक अखंड आवाज आठवला. भयपटांच्या ध्वनीचं काम करणाऱ्यांनी हा शब्द मिक्सिंगच्या टेबलासमोर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. रातकिड्यांना जमिनीचा बारीकसा हादरा कळतो आणि पाऊल जवळ आलं की ते गप्प होतात. अंगावर काटा येतो तो त्या क्षणी. माझं म्हणणं एवढंच, की ट्रॅकवरचे आवाज पुसून भयपटातली शांतता तयार होत नाही. कानाला आधी एखाद्या आवाजाचा भरवसा द्यावा लागतो, मग तो काढून घ्यावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं हे रान या विषयाचं पाठ्यपुस्तकच. इथला वाघ स्वतः क्वचितच ऐकू येतो. ऐकू येतं ते वानराचं खोकल्यासारखं ओरडणं, चितळाची टोकदार हाक, सांबराचा घुमणारा इशारा. त्यात रान सागाचं. उन्हाळ्यात सुपाएवढी पानं खाली पडून कडक वाळतात आणि पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखी वाजतात. साधी घोरपड गेली तरी रानडुक्कर आल्यासारखं वाटतं. ऑगस्टमध्ये तीच पानं भिजून मातीला चिकटतात, वर पावसाची संततधार, आणि जनावर दहा हातांवरून गेलं तरी चाहूल लागत नाही. एक शांतता आवाज थांबल्यावर येते, दुसरी आवाजाखाली झाकली जाते. २ नोव्हेंबर २०१८ला याच जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली. त्याआधी तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. त्या पावसाळ्यात राळेगावकडच्या कपाशीत उतरणाऱ्या माणसाला ही दुसरी शांतता कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला, ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. त्याचं बीज विदर्भातलंच: १९९३ साली नागझिऱ्याच्या रानात दिग्दर्शक राही बर्वे यांना मित्राने नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली होती. या चित्रपटात गावावर पाऊस थांबतच नाही. बहुतेकांना तो पाऊस दिसण्यासाठी आठवतो, मला ऐकण्यासाठी. तो पावलं खातो, दारं खातो, आणि आपला कान नकळत त्याच्यावर टेकून बसतो. मग माणूस देवीच्या गर्भात उतरतो, तिथे पाऊस नाही, आणि टेकू निघाल्यासारखं होतं. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) न्हाणीघरातलं पाणी हेच काम करतं. इथे आक्षेप ठरलेला असतो: त्या प्रसंगाला हिचकॉकला संगीत नको होतं, संगीतकार बर्नार्ड हर्मनच्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांनीच तो अजरामर केला. खरं आहे. पण पडदा ओढला जाईपर्यंत तिथे संगीताचा एक स्वरही नाही. फक्त पाणी. त्या पाण्यामुळेच बाईला दार उघडल्याचं कळत नाही. व्हायोलिन कापतात, पण सुरीला धार पाण्याने लावलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. तालुक्याच्या टॉकीजमध्ये पंखे घरघरतात, शिट्ट्या वाजतात. तिथे बारकावे कोण ऐकणार, एक जोरदार दणका द्या आणि मोकळे व्हा. दणक्याने माणूस दचकतो हे मीही मानतो. पण दचकणं पापणी लवण्यासारखं आहे, भीती घरापर्यंत सोबत येते. ‘कॅट पीपल’ (१९४२) बघा. सुनसान रस्त्यावर दोन बायकांच्या टाचांचा टकटक आवाज, त्यातली एक टकटक बंद पडते, पुढची एकटी चालत राहते, आणि फिस्सकन येते ती बस. ज्याची धास्ती असते तो बिबट्या या प्रसंगात दिसतच नाही. हा दणका चालतो, कारण आधी टाचा मोजायला लावल्या आहेत. उलट टोकाला, ट्रॅक कोरा सोडला तर प्रेक्षकाला शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो आणि तो चित्रपटातून बाहेर पडतो. ‘अ क्वाएट प्लेस’मध्ये (२०१८) अशी कोरी शांतता बहिऱ्या मुलीच्या कानांतून येते, थोडाच वेळ टिकते आणि तिच्याआधी हलक्या आवाजांची तयारी असते, म्हणून ती पेलते.

आपल्याकडे मात्र रात्र म्हटली की ध्वनींच्या लायब्ररीतले तेच रातकिडे लावले जातात, मग रान कोकणातलं असो की यवतमाळचं. चित्रपट करू पाहणाऱ्या विदर्भातल्या नव्या मुलांना माझं सांगणं आहे: संगीतकाराकडे जाण्याआधी रेकॉर्डर घेऊन सागाच्या रानाच्या कडेला दोनदा बसा, एकदा एप्रिलमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये, आणि सोबत कुणीतरी जाणता माणूस घ्या.