खानदेश तुटला, असं मी म्हणायचो

जिल्हा तोडला की माणसं तुटतात, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तेव्हा हे मत मी लपवलं नाही. वर्गात बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, वर्तमानपत्राला पत्रही पाठवलं. मी अमळनेरकडचा, भूगोलाचा मास्तर. फळ्यावर आधी तापी काढायची, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, डाव्या हाताला सह्याद्रीची टोकं, आणि मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात मोठ्या अक्षरांत ‘खानदेश’ लिहायचं, ही माझी हौस. त्या अक्षरांवरून जिल्ह्याची रेघ ओढा, असं मी मुलांना कधी सांगितलं नाही. परीक्षेसाठी कुणी ओढलीच तर म्हणायचो, तुटक ओढ.

ती बाजू मी आता सोडली आहे. जळगावातून भुसावळ वेगळा करा, ही मागणी अधूनमधून उठते. मागणीचे कागद घेऊन फिरणारे माझे जुने सोबती माझ्या दारावरून पुढे जातात, कारण माझं उत्तर त्यांना ठाऊक आहे. निदान तसं त्यांना वाटतं. म्हणून हे लिहून टाकतो.

सुरुवात झाली ती एका साध्या हिशोबातून. मी ज्या अखंड खानदेशाचं नाव घेऊन भांडत होतो, तो नेमका कधी अखंड होता? फारुकी सुलतानांचा खानदेश घ्या. त्यांचं पहिलं ठाणं तापीकाठचं थाळनेर, आज शिरपूर तालुक्यात. नंतरची राजधानी बऱ्हाणपूर, आणि कुलूप म्हणावं असा किल्ला असीरगड. १६०१मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि सुभ्याला शाहजादा दानियालच्या नावावरून दानदेश म्हणू लागले. म्हणजे खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर. आणि ते बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, २००३पासून स्वतंत्र जिल्हा. आमच्या रावेरहून ते हाकेच्या अंतरावर. रावेरचा केळीवाला बऱ्हाणपूरचा भाव विचारल्याशिवाय माल कापत नाही. पण माझ्या फळ्यावर बऱ्हाणपूर कधीच नव्हतं, आणि ते नाही याचं मला दुःखही नव्हतं.

मग इंग्रजांचा खानदेश. १८१८मध्ये पेशवाई गेली, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं आणि खानदेश जिल्ह्याचा कारभार तिथून चालू झाला. १८६९मध्ये नाशिक जिल्हा उभा राहिला तेव्हा मालेगाव-बागलाणचा पट्टा त्यात गेला. बागलाणात आजही घरोघर अहिराणी बोलतात, श्रावणात कानबाई बसते, पण कचेरी नाशिकची. १९०६मध्ये उरलेल्याचे दोन तुकडे झाले: पश्चिम खानदेश धुळ्याला, पूर्व खानदेश जळगावला. वजाबाकी करून बघा. माझ्या फळ्यावरचा तो ‘मूळ’ खानदेश १८६९ ते १९०६, म्हणजे सदतीस वर्षं नांदला. तोही कुणी लोकांनी मागितलेला नव्हता. साहेबाच्या वसुलीच्या सोयीनं झालेला. ज्याला मी वडिलोपार्जित समजत होतो तो एका कलेक्टरकचेरीचा पसारा होता.

हे कळून मत लगेच बदललं असं नाही. मी हट्टी आहे. मी म्हटलं, सोयीनं का होईना, एकत्र होतो ना? मग १९६०चं काय?

१९६०ची गोष्ट मी नेहमी १९९८च्या शेजारी ठेवत असे. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा तालुक्यांतली कितीतरी गावं गुजरातला दिली गेली. तापीवर उकाईचं धरण व्हायचं होतं. बुडणारा मुलूख एकाच राज्यात असावा हा त्यामागचा हेतू. आजचे उच्छल, निझर हे तालुके तिकडचे. डांगही गेला. एकोणिसाव्या शतकात डांगच्या भिल्ल राजांचा कारभार खानदेशच्या कलेक्टरच्या नजरेखाली होता. आज अहव्याला होळीच्या सुमारास डांग दरबार भरतो आणि त्या राजघराण्यांना गुजरात सरकारकडून सालाना मिळतो. मी मुलांना सांगायचो: १९०६, १९६०, १९९८. तीन घाव, एकच अंग.

नवापूरच्या स्टेशनावर उभं राहिलं की हा हिशोब चुकीचा आहे हे दिसतं. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन राज्यं वेगळी होण्याच्या आधीचं. रेघ आली ती थेट फलाटातून. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. सुमारे आठशे मीटर लांबीत तीनशे आपले, पाचशे त्यांचे. एका बाकड्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्र लिहिलेलं, अर्ध्यावर गुजरात. लोक त्यावर बसून फोटो काढतात. सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. खिशात बाटली घेऊन गाडीच्या डब्याकडे चार पावलं जास्त गेलात तर दारूबंदीच्या राज्यात गेलात. हसण्यासारखं आहे, आणि बाकड्यावर बसलेले हसतातही.

पण त्याच रेघेवर राहणाऱ्या मावची किंवा भिल्ल कुटुंबाला विचारा. अलीकडच्या पोराची शाळा मराठी, पलीकडच्या मावसभावाची गुजराती. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार. दाखला एका राज्याचा असेल तर दुसऱ्या राज्यात सवलत मिळत नाही. रेशन वेगळं, भरतीच्या जाहिराती वेगळ्या, धरणाच्या पाण्याचा हक्क वेगळा. ही रेघ खरोखर माणसांमधून जाते. अमळनेर आणि धुळ्याच्या मधली रेघ तशी आहे का? अमळनेरहून धुळे जळगावपेक्षा जवळ. आमचा दवाखाना धुळ्याचा, कापडखरेदी धुळ्याची, निम्मे व्याही धुळ्याकडचे. कलेक्टर तेवढा जळगावचा. १९०६पासून आजपर्यंत या रेघेनं कुणाची सोयरीक मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. अहिराणीत तर दोन्ही गावांचा ळ सारखाच जातो: धुये आणि जयगाव.

राज्याची रेघ आणि जिल्ह्याची रेघ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मी दोघींचं दुःख एकाच नावावर जमा करत होतो. भूगोलाच्या मास्तराला हे कळायला निवृत्ती गाठावी लागली, याचा आता राग येत नाही, गंमत वाटते.

देशाची रेघ तर त्याहून निराळी. कोरियात गांगवॉन नावाचा प्रांत आहे, पूर्व समुद्राकाठचा, डोंगराळ. १९४५मध्ये अडतिसाव्या अक्षवृत्तावर तो चिरला गेला आणि १९५३च्या युद्धविरामात आजची सीमा ठरली. आता उत्तर कोरियात एक गांगवॉन आहे आणि दक्षिणेत दुसरा. उत्तरेच्या प्रांताचं मुख्य ठिकाण वॉनसान, दक्षिणेचं चुनचॉन. गोसॉंग नावाचं परगण्याएवढं क्षेत्रही दोन्हीकडे आहे. मधे चार किलोमीटर रुंदीचा पट्टा, दोन्ही काठांवर सैन्य. तिथल्या म्हाताऱ्यांनी भावाला पाहायला जन्म घालवला. खानदेशाच्या तुकड्यांबद्दल मी जे शब्द वापरत होतो, ते शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवे होते.

तरी माझं मत खऱ्या अर्थानं हललं ते नकाशावरून नाही. धडगावकडचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक. मी सवयीनं नंदुरबार वेगळा झाल्याची हळहळ सुरू केली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, तुमचा खानदेश आम्हाला एस.टी.च्या खिडकीतून दिसायचा. तारखेला जाताना.”

धडगाव हे अक्राणी तालुक्याचं ठाणं, सातपुड्याच्या आत. तालुक्याच्या उत्तर कडेनं नर्मदा वाहते, पलीकडे मध्य प्रदेश. तिथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी घाट उतरून शहादा, तिथून दोंडाईचा, मग धुळे असा प्रवास होता. काम एका फेरीत होईल याची हमी नाही. सरदार सरोवराच्या बुडितातली महाराष्ट्रातली ३३ गावं याच अक्राणीतली आणि शेजारच्या अक्कलकुव्यातली. घर कुठलं, झाड कुणाचं, जमीन कसणारा कोण, कुटुंबात सज्ञान मुलं किती, या प्रत्येक प्रश्नाचा कागद जिथं ठरत होता ते जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा धुळं होतं. नर्मदाकाठचा पावरा आपलं घर वाचवायला तापी ओलांडून पांझराकाठी येत होता, आणि मी पांझराकाठच्या मित्रांबरोबर खानदेशाच्या अखंडतेचा चहा पीत होतो.

त्या एका वाक्यानं आणखी एक गोष्ट उघडी पडली. माझा खानदेश मैदानाचा होता: अहिराणीचा, कपाशीचा, केळीचा, आखाजीच्या झोक्यांचा, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा. सातपुडा त्यात चित्राच्या चौकटीसारखा वरच्या बाजूला होता. तिथं पावरी, भिलोरी बोलणारी माणसं राहतात हे मी शिकवत होतो, पण ‘आपण’ म्हणताना मला ती आठवत नव्हती. धुळे जिल्ह्याच्या सरासरीतही ती अशीच बुडून जात. २०११च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात आदिवासींचं प्रमाण सुमारे ६९ टक्के निघालं. जिल्हा वेगळा नसता तर हा आकडा धुळ्याच्या आकड्यात विरघळून सौम्य झाला असता आणि तळोद्याचं कुपोषण शिरपूरच्या सूतगिरण्यांच्या आड राहिलं असतं.

आता उलट बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर मी एक हट्ट सोडून दुसरा धरला असं होईल. नंदुरबार वेगळा होऊन सुखी झाला असं नाही. मानव विकासाच्या यादीत तो राज्याच्या तळाशीच राहिला. सुरतेकडे आणि सौराष्ट्राकडे ऊसतोडीला, मजुरीला जाणारी कुटुंबं थांबली नाहीत. पाड्यावरून बाईला झोळीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या अजून येतात. कलेक्टरच्या पाटीनं रस्ता होत नाही. पण निदान दाद मागायचं दार अलीकडे आलं. २०२०मध्ये नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्ह्याचं ठिकाण नसतं तर ते तिथं आलं असतं, असं मला कुणी पटवून दाखवावं.

म्हणून भुसावळ. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आणि २०११ला बेचाळीस लाखांहून जास्त माणसं. धुळ्यात चार तालुके, नंदुरबारात सहा. रावेर, यावल, मुक्ताईनगर, बोदवड यांचा रोजचा व्यवहार भुसावळच्या जंक्शनाभोवती फिरतो. सही मागायला या, मी करीन. (अमळनेर मात्र धुळ्याला जोडा, असं म्हणायचं धाडस अजून होत नाही. जन्म पूर्व खानदेशात गेला. सगळेच हट्ट एकदम सुटत नाहीत.)

पण सहीबरोबर एक विनंती. नव्या जिल्ह्याची चर्चा नेहमी दोन शहरांत अडकते: कचेरी कुणाच्या गावात, बाजारपेठ कुणाची वाढणार, पालकमंत्री कोण होणार. रावेर तालुक्यात पाल आहे, त्याच्याही वर सातपुड्यात पाडे आहेत. यावल आणि चोपड्याच्या डोंगरातही आहेत. पुढच्या वेळी कुणी जिल्ह्याचा नकाशा घेऊन तुमच्याकडे आलं, तर त्याला आधी विचारा: त्या शेवटच्या पाड्यावरून जिल्हा रुग्णालयात पोचायला आज किती वेळ लागतो, आणि तुमची रेघ ओढल्यावर किती लागेल?