पाच नंबरवर दोघं

चष्म्याचा नंबर वाढला, वर कपाळाला बांधायचं भिंगही घेतलं, तरी मशीनच्या कंट्रोलरमधल्या पीसी-१०४ कार्डावरची जंपरची अक्षरं आता मला धड दिसत नाहीत. दोन-दोन मिलिमीटरवर उभ्या पिना, शेजारी पांढऱ्या शाईत जेमतेम उमटलेला आकडा, आणि त्यावर तारापूर एमआयडीसीच्या हवेने चढवलेला काळा थर. पालघरहून डिप्लोमा झालेली एक मुलगी हल्ली माझ्याबरोबर येते, ती वाचून सांगते. मी 'सात' म्हणतो, ती टोपी सातवर बसवते. मग विचारते, ''काका, सातच का?''

एकटा काम करत होतो तेव्हा हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता प्रत्येक जंपरमागचं कारण मोठ्याने सांगावं लागतं, आणि सांगताना लक्षात येतं की इतकी वर्षं मी एकाच दुखण्याभोवती घुटमळतोय: दोन कार्डं, नंबर एकच.

पत्त्यांची भांडणं मी भांडणं धरतच नाही. आयबीएमने आपल्या पीसीत ३०० ते ३१एफ हा पट्टा प्रयोगाच्या कार्डांसाठी राखला, आणि मग ज्याने त्याने आपलं कार्ड ३००वरच लावून विकलं. नेटवर्क कार्ड ३००, अ‍ॅनालॉग कार्ड ३००, रिले कार्डही ३००. पॉवर दिल्याबरोबर बोंब होते, एक जंपर हलवला की मिटते. त्यातल्या त्यात चावट ती पत्त्याच्या दहाच लाईनी वाचणारी जुनी कार्डं. त्यांच्या लेखी ७०० आणि ३०० एकच. पण तेही कागदावर आकडेमोड केली की सापडतं. जीव खातात ती इंटरप्टची, म्हणजे कार्डाने सीपीयूला हाक मारायच्या लाईनीची, भांडणं. त्यातही ज्यात दोन्ही कार्डं चालू असतात ती.

इथल्याच एका प्रोसेस हाउसमधलं डाईंग मशीन घ्या. कंट्रोलरमध्ये तळाला सीपीयू, त्यावर सोळा-बिटी अ‍ॅनालॉग कार्ड, सगळ्यात वर आठ-बिटी सिरियल कार्ड. आत डॉस. तक्रार अशी, की टेंपरेचरचा आकडा मध्येच थिजतो. ८४ दाखवतं ते ८४च दाखवत राहतं, वाफेचा व्हॉल्व्ह उघडाच, कापड आत शिजतंय. त्याच क्षणी मोटरच्या ड्राइव्हशी बोलणंही बंद. रिसेट मारला की शहाण्यासारखं चालतं, कधी दोन शिफ्ट, कधी दहा मिनिटं. टेबलावर आणून लावलं तर बिघडायचं नावच घेत नाही. माझ्याआधी येऊन गेलेल्यांनी सीपीयू बदलला होता, पॉवर सप्लाय बदलला होता, अर्थिंगचा नवा खड्डाही खणून घेतला होता.

मी स्कोपचा प्रोब पाचव्या इंटरप्ट लाईनवर लावला आणि पॅनेलसमोर स्टूल ओढून बसलो. आकडा थिजला तेव्हा लाईन पाच व्होल्टवर ताठ उभी होती. खाली यायला तयार नव्हती. मागे मेंटेनन्सचे चौघे उभे होते आणि त्यांना त्या सरळ रेषेत काहीच दिसत नव्हतं, याचा मला झालेला आनंद मी इथे लपवत नाही. या धंद्यात मी पैशापेक्षा त्या चौघांसाठी जास्त टिकलो.

आयएसए बसवरचा इंटरप्ट कंट्रोलर लाईन वर आहे का हे बघत नाही; ती खालून वर चढली का, एवढंच बघतो. अ‍ॅनालॉगने पाच नंबर वर ओढला, प्रोग्रॅम त्याच्याकडे धावला. तेवढ्यात सिरियलनेही तोच पाच नंबर ओढला. अ‍ॅनालॉगचं काम झालं, त्याने हात सोडला, पण सिरियलने लाईन धरूनच ठेवलेली. ती खाली आलीच नाही, तर पुन्हा चढणार कशी? कंट्रोलर चढण्याची वाट बघतो, सिरियल कुणी विचारण्याची. अरुंद पुलावर दोन टेम्पो समोरासमोर यावेत आणि रिव्हर्स कुणीच मारू नये, तसं. हे व्हायला दोघांना काही मायक्रोसेकंदांच्या फटीत एकदम हात वर करावा लागतो. टेबलावर सिरियलच्या पोर्टाला ड्राइव्हच जोडलेला नव्हता, मग तिथे ते होणार कुठून?

लाईन वाटून घ्यायची सोय पीसी-१०४च्या स्पेसिफिकेशनमध्ये आहे. कार्डाने लाईन फक्त वर ओढायची, खाली आणायचं काम एक किलोओहमच्या रेझिस्टरचं, आणि तो एका लाईनवर एकाच कार्डाचा लावायचा. त्यासाठी वेगळा जंपर असतो. दोन्ही कार्डांचे लावलेत तर ५०० ओहम होतात, तिघांचे लावलेत तर ३३३. मग ड्रायव्हर लाईन वर नेता नेता दमतो. एकाचाही लावला नाही तर लाईन अधांतरी, शेजारचा काँटॅक्टर पडला-उठला की खोटा इंटरप्ट. हा जंपर तारापूर पट्ट्यात बरोबर लावलेला मी क्वचितच पाहिलाय. पण रेझिस्टर बरोबर लावूनही पुलावरचे टेम्पो हलत नाहीत. त्याचा इलाज प्रोग्रॅममध्ये आहे: दोन्ही कार्डांना आळीपाळीने विचारत राहायचं, आणि एका अख्ख्या फेरीत दोघंही 'काही नाही' म्हणेपर्यंत बाहेर पडायचं नाही. इथे लिहिणाऱ्याने प्रत्येकाला एकदाच विचारलं होतं. सोर्स कोड मागावा तर लिहिणारी मंडळी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली.

अ‍ॅनालॉगचा पाच प्रोग्रॅममध्ये कोरलेला, सिरियलचा नंबर तेवढा कॉन्फिग फाइलमध्ये. म्हणजे हलणार सिरियलच. आणि आठ-बिटी कार्डाला कनेक्टर फक्त ६४ पिनांचा. १०, ११, १२, १५ या ऐसपैस लाईनी पलीकडच्या ४० पिनांत. (म्हणूनच आठ-बिटी कार्ड मध्ये घुसवायचं नसतं, त्याच्या वरच्या कार्डांचा त्या ४० पिनांशी संपर्क तुटतो. तेही इथे सर्रास करतात.) उरल्या सहा. तीन आणि चार कॉम पोर्टांकडे, सहा फ्लॉपीकडे, पाचवर भांडण, नऊ त्या बोर्डावर आधीच घेतलेला. राहिला सात, प्रिंटर पोर्टाचा. बायोसमध्ये जाऊन प्रिंटर बंद केला.

सातची मात्र वेगळीच भुताटकी. ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलर चिपला कुणीतरी हाक मारली, आणि सीपीयू 'कोण?' विचारेपर्यंत ती लाईन खाली आलेली असली, तर चिप गप्प बसत नाही. 'सातने बोलावलं' असं ठोकून देते. अशा वेळी चिपचं इन-सर्व्हिस रजिस्टर वाचायचं. सातचा बिट चढलेला नसेल तर मुकाट्याने परतायचं, काम झाल्याची पोच द्यायची नाही. दिलीत तर ती पोच दुसऱ्याच कुणाच्या अर्धवट कामावर लागते आणि तुम्ही नवं दुखणं जन्माला घालता. एवढं तपासणारं असेंब्लीतलं एक पिल्लू मी सातच्या वेक्टरवर बसवलं. ते किती बाइटचं आहे हे मी अजून लोकांना सांगत असतो. कुणी विचारलेलं नसतं.

आता या पट्ट्यात काम करणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक कार्डं बदलून बघणाऱ्यांची. दुसरी 'साहेब, पूर्ण सिस्टिमच बदलू' म्हणणाऱ्यांची. त्यांचं कोटेशन सुरेख बाइंड केलेलं असतं. पहिल्यांचा मला राग नाही, त्यांच्याकडे निदान स्क्रू-ड्रायव्हर असतो. दुसऱ्यांचंही सगळंच चूक नाही. पीसीआयमध्ये लाईनची पातळी बघतात, त्यामुळे वाटून घेतलेली हाक हरवत नाही. विंडोज ९५च्या काळापासून प्लग अँड प्लेने जंपरच घालवले. सुटे भागही सहज मिळत नाहीत. एप्रिल २०१३मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, उमरोळीहून सुटे भाग आणायला मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठणं सोपं झालं, पण तोवर माझ्या ओळखीच्या काउंटरवर मोबाइलची कव्हरं टांगली गेली होती.

माझ्याबरोबर येणारी ती मुलगी रास्पबेरी पायवर काम करते, पण दुखणं तिथेही तेच. एका पंपाच्या मोटरची थरथर मोजायला तिने एमपीयू-६०५० सेन्सर लावला, शेजारी वेळेसाठी डीएस-३२३१ घड्याळ. दोघांचाही आयटूसी पत्ता ६८. मला ते तारा जोडतानाच दिसलं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. म्हटलं, बघू. तिने बसवर कोण कोण आहे त्याची यादी काढली. यादीत एकच ६८, सगळं आलबेल. दोघंही एकदम 'हजर' म्हणतात आणि बसला एकच आवाज ऐकू येतो! एकाने जरी शून्य ओढलं तरी तारेवर शून्यच, त्यामुळे वाचलेला आकडा दोघांच्या बेरजेचाही नाही आणि एकाचाही नाही. घड्याळ लावायला जावं तर तेच बाइट सेन्सरच्या रजिस्टरांतही जाऊन बसतात.

मी चहाला गेलो. परत येईपर्यंत तिने घड्याळ काढून सेन्सर वाचला होता, सेन्सर काढून घड्याळ वाचलं होतं, आणि सेन्सरची एडीझीरो पिन वर बांधून त्याला ६९वर नेलं होतं. घड्याळाचा पत्ता बदलता येत नाही, तेव्हा हलणार सेन्सरच, हेही तिचं तिनेच डेटाशीट वाचून ठरवलं. मागे चौघे उभे नव्हते, तिला त्याची गरजही वाटली नाही. मला मात्र वाटली, आणि त्या दिवशी मी जरा तिरसटच वागलो.

तिच्या आग्रहावरून आता प्रत्येक पॅनेलच्या दाराला आतून आम्ही कागद चिकटवतो: कोणतं कार्ड, कोणता पत्ता, कोणती लाईन, रेझिस्टर कुणाचा. पूर्वी हे सगळं माझ्या डोक्यात असायचं आणि ते तिथेच असावं अशी माझी इच्छा होती, कारण मग फोन मलाच यायचा.

बोईसर-तारापूरच्या कारखानदारांना आणि मेंटेनन्सवाल्यांना एकच विनंती. जुना पीसी-१०४चा गठ्ठा भंगारात घालायच्या आधी एक फोन करा. कार्ड जळालेलं असलं तरी चालेल. दोन मिलिमीटरच्या जंपरच्या टोप्या इथल्या बाजारात मला मिळेनाशा झाल्यात, तेवढ्या काढून घेऊन बाकीचं तुमच्या भंगारवाल्याला परत देईन.