यशापयशाची कैफियत

मल्लेश्वरम्, बेंगळूर

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. परीक्षेतील अपयशाची जी कैफियत तू लिहिली आहेस, तीत ग्रहमान, प्रश्नपत्रिका आणि परीक्षक हे तिघेही हजर आहेत, ती. दादांच्या पत्रात मात्र एकट्या तुझ्या आळसाचे नाव आहे. गतवर्षी तू उत्तीर्ण झालास, तेव्हा तुम्हां उभयतांच्या मते कारण एकच होते, घराण्याची बुद्धी.

या बाबतीत येथील अवकाश-संशोधन खात्याचा प्रघात तुला कळवावासा वाटतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेला एसएलव्ही-३ हा अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला, तेव्हा पत्रकारांपुढे जाब देण्यास खात्याचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः उभे राहिले, आणि १८ जुलै १९८० रोजी यश आले, तेव्हा त्यांनी प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलामांस पुढे केले, ही हकीकत सर्वतोमुखी आहे. मला तिच्यातील क्वचितच सांगितला जाणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. धवनांनी जबाबदारी पत्करली म्हणून तपास थांबला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतून झालेली आम्लाची गळती निराळी शोधून काढावीच लागली. आपल्या घरांत मात्र अपराधी मुक्रर झाला की कारणाचे दफ्तर बंद होते.

पुढे ७ सप्टेंबर २०१९ रोजी याच खात्याचे, चंद्रावर उतरू पाहणारे विक्रम यान तेथे आदळले, तेव्हाही दैवाची चर्चा पुष्कळ झाली. तपासात निघाले ते असे की, पाच इंजिनांनी अपेक्षेहून अधिक रेटा दिला, लहान चुका साचत गेल्या, त्या सावरण्यास यानाला जितक्या वेगाने वळावयाचे होते तितकी मुभा आज्ञावलीत नव्हती, आणि उतरण्यास नेमलेली जागा अवघी ५०० मीटर लांब-रुंद होती. मग काय काय बिघडेल याचाच आधी विचार करून नवे यान रचले, एक इंजिन कमी केले, जागा ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद धरली, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते सुखरूप उतरले. तत्पूर्वी काही शास्त्रज्ञ यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीस गेले होते, यात मला वावगे दिसत नाही. दर्शनामुळे इंधनाचा हिशेब कोणी सोडला नाही.

यशाचा तपास मात्र कोणी मागत नाही, आणि पेढ्यांबरोबर त्यातील योगायोगही पचून जातो. तेव्हा पुढील पत्री दोन्ही वर्षांचा, उत्तीर्ण झालास त्याही वर्षाचा, विषयवार हिशेब लिहून पाठव. ग्रहांस त्यात एक ओळ देण्यास माझी हरकत नाही.

तुझा,
काका