१ जानेवारीला जन्मलेली माणसं

थोडं लांब लिहितोय, पण वाचा. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि त्यांचा ऑनलाइन फॉर्म "नामंजूर" होऊन परत आलाय, त्यांनी तर नक्की वाचा.

मी वेबसाइट आणि वेब ॲप बनवायचं काम करतो. गावाच्या भाषेत "कॉम्प्युटरमध्ये आहे". त्यामुळे शनिवारी आसनगावला लोकलमधून उतरून डोळखांबला पोचलो की प्रिंटर चालत नाही इथपासून एटीएममध्ये कार्ड अडकलं इथपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. तक्रार नाही, चहा मिळतो.

गेल्या पावसाळ्यात असाच नाक्यावर ऑनलाइनची कामं करणाऱ्या एका मित्राच्या दुकानात बसलो होतो. बाहेर धो-धो पाऊस, लाइट येऊन-जाऊन. वाडीवरची एक आजी डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन आली. हातात पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात आधार कार्ड. एका मदतीच्या योजनेचा फॉर्म तिने भरला होता. योजनेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा घोळ कुठेही होऊ शकतो. तिची ही तिसरी फेरी. दर वेळी एकच उत्तर: "जन्मवर्ष जुळत नाही."

मित्र वैतागला होता. म्हणाला, "आजी, तुझं आधारच चुकलंय. ते बदलून आण, मग ये."

आजी म्हणाली, "बाला, मी कवा जन्मली ते मला ठावं नाय. त्या मशीनीला कसं ठावं?"

आम्ही हसलो. मग मी कार्ड हातात घेतलं. जन्मतारीख ०१/०१/१९६०. फॉर्ममध्ये भरलेली, ०१/०१/१९६०. स्क्रीनवरसुद्धा तीच. मग जुळत नाही ते काय?

आमच्या धंद्यात पहिला नियम असा की "होत नाही" या तक्रारीवर विश्वास ठेवायचा आणि "सगळं बरोबर आहे" या स्क्रीनवर ठेवायचा नाही. मी एफ-१२ दाबलं. कॉम्प्युटरवरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये हे बटण दाबलं की पडद्यामागचं सगळं दिसतं. तिथे नेटवर्क नावाचा भाग असतो. फॉर्म सर्व्हरला नेमकं काय पाठवतो ते त्यात वाचता येतं. आजीच्या फॉर्मने पाठवलं होतं: ३१ डिसेंबर १९५९, वेळ १८:३०.

मला घाम फुटला. कारण ही चूक मी ओळखत होतो. मी स्वतः केली होती.

नवीन नोकरीत असताना एका क्लायंटसाठी रजेचा फॉर्म बनवला होता. लोक सोमवारची रजा टाकायचे आणि नोंद व्हायची रविवारची. आम्ही तासाभरात दुरुस्त केलं आणि कँटीनमध्ये हसत बसलो. कुणाचं काहीच गेलं नव्हतं.

काय होतं ते सोपं करून सांगतो. जावास्क्रिप्ट ही जी भाषा ब्राउझरमध्ये चालते, तिची नेहमीची "तारीख" ही नुसती तारीख नसतेच, तो एक क्षण असतो. तुम्ही १ जानेवारी १९६० निवडलं की ती धरते त्या दिवशीचे रात्रीचे बारा, भारतातले. सर्व्हरला पाठवताना ती हा क्षण जागतिक वेळेत बदलते. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. पुढचा प्रोग्राम वेळ कापून टाकतो आणि तारीख तेवढी ठेवतो. संपलं, माणूस एक दिवस आधी जन्मला. फॉर्म पुन्हा दाखवताना मात्र ब्राउझर हेच गणित उलटं करतो, म्हणून आपल्याला १ जानेवारीच दिसते. स्क्रीनवर बरोबर, पोटात चूक.

आता विचाराल, मग सगळ्यांचेच फॉर्म का नाही परत आले? मलाही तोच प्रश्न पडला. मित्राकडे नामंजूर झालेल्यांची वही होती. ती काढली. एक सोडून सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी. वर्षं वेगवेगळी, दिवस तोच. मग प्रकाश पडला. पलीकडची तपासणी पूर्ण तारखेची नव्हतीच, फक्त वर्षाची होती. १५ ऑगस्टचा माणूस १४ ऑगस्टचा झाला तरी वर्ष तेच राहतं, फॉर्म पास. वर्ष बदलतं ते फक्त १ जानेवारीवाल्यांचं.

आणि १ जानेवारीवाले कोण, हे आपल्या भागात सांगायला नको. माझे वडील १ जूनचे. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनची, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. म्हणजे १ जूनवाला निदान शाळेच्या दारापर्यंत गेलेला असतो. ज्याच्याकडे शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, त्याचं आधार काढताना वय अंदाजे सांगितलं गेलं. अशा कितीतरी जणांच्या कार्डावर नुसतं वर्ष आहे, नाहीतर त्या वर्षाची १ जानेवारी. ठाकूर, कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांची कार्डं काढून बघा. प्रोग्रामरने कुणाला वगळायचं ठरवलं नव्हतं. तो बिचारा घाईत असेल. पण साडेपाच तासांच्या त्या चुकीने गावातली नेमकी तीच माणसं वेचून काढली ज्यांच्याकडे भांडायला दुसरा कागद नाही.

वहीतला तो एक उरलेला अर्जही सांगतो, कारण तो पक्का मराठी घोळ आहे. आडनावात "ऱ्ह" होतं, बोऱ्हाडे, कऱ्हाळे असं असतं तसं. हा "ऱ्ह" कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरलं जातं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडणारं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखंच. मशीनला ही दोन वेगळी माणसं. दुकानातल्या कीबोर्डने एक तऱ्हा वापरली, जुन्या नोंदीत दुसरी होती. जुन्या नोंदीतलं नाव जसंच्या तसं कॉपी करून चिकटवलं आणि फॉर्म पाच मिनिटांत गेला. आजीच्या बाबतीत असा काही जुगाड नव्हता.

मी तक्रार लिहिली. नीट लिहिली. कुठलं पान, कुठला ब्राउझर, किती वाजता, काय भरलं, काय पाठवलं गेलं, त्याचा फोटो, आणि कुठे दुरुस्ती करावी हेसुद्धा. चार दिवसांनी उत्तर आलं: "अर्जदाराने आधारमधील जन्मतारीख अद्ययावत करून पुन्हा अर्ज करावा."

इथे मला खरी भीती वाटली. आधारवरची जन्मतारीख एरवी एकदाच बदलता येते. कॉम्प्युटर म्हणतो म्हणून आजीने ३१ डिसेंबर १९५९ करून घेतलं असतं, तर फॉर्मने ती ३० डिसेंबर केली असती, वर्ष जुळून अर्ज पास झाला असता. पण बँक, रेशन, बाकी सगळीकडे ती १९६० ची. एक दार उघडायला चार दारं बंद, आणि ती एकदाच मिळणारी संधीही गेली. मित्राला म्हटलं, वाटेल ते कर, पण यातल्या कुणालाही आधार बदलायला पाठवू नकोस. तोवर दोघं शहापूरला जाऊन आले होते. नशिबाने त्या दिवशी तिथलं मशीन बंद होतं. (मशीन बंद असल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.)

"कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो" हे फक्त आपल्याकडेच नाही. ब्रिटनमध्ये पोस्ट खात्याने होरायझन नावाची प्रणाली बसवली. त्यातल्या चुकांमुळे गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशोबात खोटी तूट दिसायला लागली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त पोस्टमास्तरांना चोरी-अफरातफरीत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्यातल्या एका चुकीला स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या गावाचं नाव पडलंय. तिथे पैसे जमा केल्याची नोंद करताना स्क्रीन अडकली, बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं, आणि ८ हजार पौंडांची नोंद गुपचूप चार वेळा झाली. २४ हजार पौंडांचा फरक. आपल्याकडे रेंज नसताना "सबमिट" चार वेळा दाबणारे कितीजण आहेत?

म्हणून सांगतो. गोल फिरत असेल तर पुन्हा दाबू नका, आधी अर्जाच्या यादीत नोंद झाली का बघा. मोबाइल नंबर मराठी आकड्यांत टाइप झालाय का बघा, पुष्कळ फॉर्मना ते आकडे कळतच नाहीत. "होत नाही" एवढंच सांगू नका, लाल अक्षरातल्या ओळीचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये करून बघा. एवढं करूनही अडलं तर दोष तुमचा नसण्याची शक्यता बरीच आहे.

आणि आपल्या तालुक्यातली जी पोरं-पोरी आता आयटीत आहेत, त्यांना: जन्मतारखेला घड्याळ लावू नका. वर्ष-महिना-दिवस अशी साधी अक्षरं म्हणून साठवा. टेस्टिंगला १ जानेवारी टाकून बघा. ऑफिसच्या वायफायवर नाही, गुंड्या-देहण्याच्या बाजूला उभं राहून एकदा फॉर्म भरून बघा.

पुढे काय झालं? ऑक्टोबरमध्ये एक दिवस मित्राचा फोन आला, "अरे, १ जानेवारीचा फॉर्म गेला!" कुणीतरी कुठेतरी ओळ दुरुस्त केली होती. माझ्या तक्रारीमुळे की आपोआप, कळायला मार्ग नाही. कुणाला कळवलं नाही, जुने नामंजूर अर्ज नामंजूरच राहिले. ज्यांना वाटलं आपलंच चुकलं, ते परत आलेच नाहीत. आम्ही वही घेऊन वाडीवर गेलो. चौघांचे अर्ज नव्याने भरले. आजी भेटली नाही. दिवाळीनंतर जायचं ते यंदा लवकरच लेकासुनेबरोबर वीटभट्टीवर गेली होती, नातवंडं सांभाळायला. मुदत महिनाअखेरीला संपली. आता ती पावसाच्या तोंडावरच येईल.

तिचं कार्ड बदललेलं नाही, एवढं मी पक्कं विचारून घेतलंय.

तुमच्या घरात, शेजारात कुणाची जन्मतारीख १ जानेवारी असेल आणि असाच अर्ज परत आला असेल, तर शहापूरला आधार बदलायला जाण्याआधी कागद घेऊन या. रविवारी सकाळी दहापासून मी घरी असतो. फोन करून आलात तर बरं, नाहीतर सरळ या.